दमसास

बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाला दिवसातून किमान चाळीस वेळा एक वाक्य उच्चारावं लागतं. "जरा दम धरा." सर्व्हर बंद आहे, दम धरा. पासबुकाचं यंत्र कागद खातंय, दम धरा. साहेब आत्ताच जेवायला बसलेत, दम धरा. बावीस वर्षं मी अलिबागेत लोकांना दम धरायला सांगतो आहे, आणि अधूनमधून लोक मला दम देतात. अशी देवाणघेवाण चालू असताना दम ही वस्तू मुळात छातीत असावी लागते आणि माझ्या छातीतली शिल्लक केव्हाच संपली आहे, हे मात्र मला गेल्या दिवाळीनंतर कळलं. नागावच्या किनाऱ्यावर, पहाटे साडेपाच वाजता, खांद्यावर पंचवीस किलोंची गोणी असताना.

गोणी आमच्या कन्येची. म्हणजे व्यायाम तिचा, गोणीही तिचीच, फक्त घरापासून किनाऱ्यापर्यंत ती वाहून नेण्याचं खातं माझ्या नावावर होतं.

झालं असं, की कन्या बारावी कॉमर्सला गेली तेव्हा मी बापाच्या कर्तव्याला जागून बँकेच्या परीक्षेचं एक जाडजूड पुस्तक आणून तिच्या टेबलावर ठेवलं. महिन्याभराने पाहतो तो पुस्तक जमिनीवर, आणि कन्या त्याच्यावर टाचा टेकवून बैठका काढते आहे. "उंची अगदी बरोबर आहे हो बाबा," ती कौतुकाने म्हणाली. पुस्तकाचा इतका मनापासून उपयोग आमच्या घराण्यात आजवर कोणी केला नव्हता. मग तिने जाहीर केलं, की जानेवारीत जिल्ह्याच्या मुलींच्या कबड्डी संघाची निवड आहे आणि ती उतरणार आहे.

आता आमच्या रायगडात 'मी कबड्डी खेळणार' हे काही जाहीर करायचं वाक्य नव्हे. (माझे वडील शेवटपर्यंत 'कुलाबा जिल्हा'च म्हणत. नाव १९८१ साली बदललं, पण त्यांच्यापर्यंत ते परिपत्रक पोचलंच नाही.) भाताची झोडणी झाली, शेत रिकामं झालं, की त्यात फक्कीच्या रेघा पडतात, बांबूवर दिवे चढतात आणि ज्याला नीट उभं राहता येतं तो प्रत्येक पुरुष स्वतःला डावा कोपरारक्षक समजू लागतो. मीही एके काळी समजत होतो. हे मात्र मी घरात कधी सविस्तर सांगितलेलं नव्हतं, कारण त्या गोष्टीच्या शेवटी माझा उजवा गुडघा येतो.

ते १९९८ साल होतं. एका भरदार चढाईपटूचा घोटा मी धरला. तो वळला, मी वळलो, गुडघा मात्र होता तिथेच राहिला. आतून सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. गावातल्या एका जाणत्या गृहस्थाने पाय ओढून पाहिला, हळद-तुरटीचा लेप दिला आणि दहाव्या दिवशी मी पुन्हा मैदानात होतो. अकराव्या दिवसापासून कायमचा बाहेर. तेव्हापासून त्या गुडघ्याने माझ्यापासून वेगळं खातं उघडलं. मृगाच्या आधी चार दिवस तो पाऊस सांगतो. वेधशाळा चुकते, तो नाही. बैठी नोकरी शोधायची हेही त्यानेच ठरवलं, आणि लोक समजतात मला कॉमर्सची आवड होती. आमच्या सौ.ला मी 'कॉलेजात असताना स्कूटरवरून पडलो' एवढंच सांगितलं होतं. लग्न ठरताना मुलीकडच्यांनी पगार विचारला होता, गुडघा विचारला नव्हता.

त्यामुळे कन्येच्या घोषणेवर मी अभ्यासाचं, उन्हाचं, रंग काळवंडण्याचं, जी सुचतील ती कारणं दिली. खरं कारण दिलं नाही. सौ. म्हणाली, "खेळू दे हो. तुमच्यासारखी सगळी जन्मतःच बसलेली नसतात."

याच सुमारास न्यू जर्सीहून माझ्या बहिणीचा व्हॉट्सअॅप आला. तिची मुलगी तिथल्या शाळेत लॅक्रोस नावाचा खेळ खेळते. सोबत फोटो होता. भाची शिरस्त्राणासारखा चष्मा लावून उभी, हातात एक दांडा आणि दांड्याच्या टोकाला जाळीची पिशवी. दारावर येणाऱ्या मासळीवाल्या मावशींनी तो फोटो बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं, "भाऊ, एवढ्याशा जाळ्यात गावतं काय?" चेंडू गावतो, असं मी सांगितलं. त्यांना अमेरिकेची दया आली.

हा खेळ मूळचा तिथल्या आदिवासींचा. १९०४ आणि १९०८ सालच्या ऑलिंपिकमध्ये तो होता, मग नियमित खेळांतून गेला आणि आता २०२८ साली लॉस एंजेलिसला परत येतो आहे. आमच्याकडे दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय होतं, दहा वर्षं कोणी फिरकलं नाही की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. ऑलिंपिकवाल्यांनी एकशेवीस वर्षांनी केवायसी घेऊन खातं पुन्हा चालू केलं. आणि आपली कबड्डी? अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी ती करून दाखवून आली. एशियाडमध्ये ती १९९० साली शिरली, मुलींची २०१०मध्ये. ऑलिंपिकच्या काउंटरवर मात्र अजून उभीच आहे. तिलाही कोणीतरी 'दम धरा' म्हणालं असणार.

तर, बहिणीने भाचीच्या व्यायामाचा तक्ताच पाठवला होता. 'स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग', आठ आठवड्यांचा, रंगीत. कन्येने तो वाचला, मी समजून घेण्याचा प्रयत्न केला. स्क्वॉट म्हणजे बैठक. पुशअप म्हणजे जोराचा आखडता भाऊ. म्हणजे आत्याने आमच्याच बैठका अमेरिकेहून परत पाठवल्या होत्या, फक्त मधल्यामध्ये त्यांना इंग्रजी शाळेत घातलं होतं. पण तक्त्यात एक गोष्ट अशी होती, की ती आमच्या वेळी कोणी सांगितली नव्हती. तीस सेकंद जीव तोडून, मग विश्रांती. पुन्हा तीस सेकंद. आमच्या काळी दमसास वाढवायचा म्हणजे नागावहून अलिबागेपर्यंत पळत जायचं आणि एस.टी.ने परत यायचं. कबड्डीत चढाईला मिळतात तीस सेकंद. त्यात सात जणींच्या घोळक्यात वाकायचं, वळायचं, लाथ टाकायची, हात लावायचा आणि तोंडाने अखंड 'कबड्डी' म्हणत परत यायचं. असं आहे तर नऊ किलोमीटर संथ पळून नक्की कशाची तयारी होत होती, हा प्रश्न मला त्या तक्त्यासमोर प्रथमच पडला. बहुधा एस.टी. पकडण्याची.

दुसरी गोष्ट मला फार आवडली. स्नायूला बळ येतं ते व्यायाम करताना नाही, नंतरच्या विश्रांतीत. म्हणजे ठेव सोमवारी भरायची आणि व्याज मंगळवारी झोपेत चढायचं. हे तत्त्व बँकिंगशी इतकं जुळणारं होतं, की मी त्यातला झोपेचा भाग लगेच अंगीकारला.

राहिली साधनं. तक्त्यात ढकलायला लोखंडी स्लेड होती. आम्ही गॅरेजमधून ट्रकचा फुटका टायर आणला आणि होडीचा जुना दोर बांधून तो ओढायचा ठरवला. मेडिसिन बॉल नावाचा जड चेंडू होता. आम्ही खताच्या रिकाम्या पिशवीत न सोललेले नारळ भरले. उडी मारायच्या पेटीऐवजी मागच्या दाराचा ओटा. वजनांऐवजी तांदळाची गोणी. आणि शेवटी 'पार्टनर' असा शब्द होता. त्याच्यापुढे कन्येने पेन्सिलीने 'बाबा' लिहिलं.

आता वेळ. पळायला घट्ट ओली वाळू हवी तर ओहोटी हवी, आणि समुद्र काही आमच्या मस्टरवर सही करत नाही. इथे मात्र माझं शिक्षण कामी आलं. आमच्या किनाऱ्यावर जुना हिशेब आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ, साधारण. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी पहाटे पाच-साडेपाचच्या सुमाराला. उत्तम. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे पहाटे पाणी सुरूच्या झाडांपाशी आणि आपण वरच्या मऊ वाळूत, घोट्याघोट्यापर्यंत रुतत. लहानपणी पाऊणकी येत नाही म्हणून मी ज्या छड्या खाल्ल्या त्यांचं चीज पंचेचाळिशी उलटल्यावर झालं. कॅलेंडर बघून मी आठवड्याचा तक्ता करत असे आणि मऊ वाळूच्या दिवशी माझं पोट बिघडत असे.

शनिवार-रविवारी आणखी एक अडचण. मुंबई-पुण्याची मंडळी उजाडता उजाडता किनाऱ्यावर येतात. एकदा मी टायरवर बसलो होतो (वजन कमी पडतं म्हणून कन्येनेच बसवलं होतं) आणि ती कमरेला दोर बांधून मला ओढत होती. एक तरुण जोडपं थांबलं. त्यातल्या मुलाने खिशाला हात घालत विचारलं, "अंकल, इस राइड का कितना?" मी उत्तर देणार एवढ्यात कन्या धापा टाकत म्हणाली, "फक्त ज्येष्ठ नागरिकांसाठी आहे." मी अजून सेहेचाळीसचा आहे. वजन अठ्ठ्याऐंशी. कबड्डीच्या वरिष्ठ गटात पुरुषांना पंच्याऐंशी किलोंची मर्यादा असते, म्हणजे राष्ट्रीय पातळी मी केवळ तीन किलोंनी चुकवली आहे.

इथवर सगळं गमतीत चाललं होतं. मग घोट्याची पकड सुरू झाली.

वाळूत टाचेने मध्यरेषा ओढायची. कन्येने चढाई करत यायचं, मी घोटा धरायचा, तिने श्वास न सोडता रेषेकडे झेपावायचं. बोट जरी रेषेला लागलं तरी ती सुटली आणि मी बाद. पहिले चार दिवस तिला सुटता आलं नाही. माझं तंत्र वगैरे काही नव्हतं, मी नुसता तिच्या पायावर शाखा उघडून बसत होतो. पाचव्या दिवशी मात्र तिने जमिनीवर पाय रोवला आणि गर्रकन वळली. तिचा गुडघा माझ्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर होता. तो किंचित आत कलला, आणि मला ती सुकी काटकी ऐकू आली. तिच्या गुडघ्यात नाही, माझ्या कानात. माझी बोटं आपोआप उघडली.

कन्या रेषेपलीकडे जाऊन पडली. उठली. वाळू झटकली. मला वाटलं, आता आनंदाने नाचेल.

"बाबा, तुम्ही सोडलंत."

"छे! सुटला हात. घाम–"

"सोडलंत. मॅचमध्ये कोण सोडणार आहे मला?"

गोणी त्या दिवशी तिनेच उचलली. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पोळी हवी का, हेही आईमार्फत विचारत होती. बँकेत मी एकाच गिऱ्हाइकाला दोनदा पैसे मोजून दिले. त्याने प्रामाणिकपणे परत केले म्हणून नोकरी शिल्लक आहे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, तिला न सांगता, मी तिच्या सरांना भेटायला गेलो. शाळेत पी.टी. शिकवणारे, स्वतः जुने खेळाडू. मैदानावर पाणी मारणं चाललं होतं. मी बराच वेळ हवापाण्यावर बोललो. ते पाइप हलवत ऐकत होते. मग म्हणाले, "गुडघ्याचं विचारायला आलात ना?"

माणसं ओळखण्याची विद्या मॅनेजर लोकांत असायला हवी ती पी.टी.च्या मास्तरांत असते.

त्यांनी मला गोलमोल दिलासा दिला नाही. म्हणाले, वळण्या-उडण्याच्या खेळांत गुडघ्यातला दोरखंड तुटण्याचं प्रमाण मुलींत मुलांपेक्षा जास्तच असतं. पण पुष्कळदा तो दुसऱ्याने धरल्यामुळे तुटत नाही. स्वतः उडी मारून वेडंवाकडं उतरल्याने, नाहीतर पाय रोवून वळताना गुडघा आत पडल्याने तुटतो. ते शिकवता येतं. त्यांनी पाइप खाली ठेवला आणि पायरीवरून उडी मारून दाखवली. साठीचा माणूस, पण आवाज नाही. "मांजरासारखं उतरायचं. आवाज झाला की समजायचं भार हाडावर आला. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत. आत कलता कामा नये." मग मांडीच्या मागे थाप मारून म्हणाले, "आणि इथला स्नायू. पोरं पुढची मांडी कमावतात, कारण ती आरशात दिसते. गुडघा राखतो हा मागचा."

"जामीनदार," मी म्हटलं.

"अगदी! कर्जदार दिसतो, जामीनदार दिसत नाही. पण बुडायची वेळ आली की कोण उभा राहतो?"

त्या जामीनदारासाठी त्यांनी एक व्यायाम सांगितला. मुलीने गुडघ्यांवर उभं राहायचं, खाली सतरंजीची घडी. मागे कोणीतरी तिचे दोन्ही घोटे जमिनीशी घट्ट दाबून धरायचे. तिने गुडघ्यापासून डोक्यापर्यंत ताठ राहून हळूहळू, अगदी हळूहळू पुढे झुकत जायचं. झोपाळ्यासारखं आपटायचं नाही, संपूर्ण वाट ब्रेक लावत जायचं. सुरुवातीला आठवड्यातून एकदोन वेळा, थोडेच, मग वाढवत. "एकच काळजी," सर म्हणाले. "धरणाऱ्याने सोडलं, तर पोरगी तोंडावर आपटेल."

घरी येऊन मी कन्येला १९९८ सालची हकीकत सांगितली. जाणता गृहस्थ, हळद, तुरटी, सगळी. सौ. दारात उभी राहून ऐकत होती. "म्हणजे स्कूटर नव्हतीच?" एवढंच ती म्हणाली, आणि तो विषय तिने पुढच्या कधीतरीच्या वापरासाठी नीट घडी करून ठेवला. कन्या गप्प होती. मग म्हणाली, "आम्हाला दुखलं तर सर आधी डॉक्टरकडे पाठवतात. तुम्हाला का नाही पाठवलं कोणी?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अजूनही नाही.

दुसऱ्या दिवसापासून ओट्यावरून उड्या सुरू झाल्या. तिने उडी मारायची, मी बाजूला बसून गुडघा बघायचा आणि आवाज ऐकायचा. आठवड्याभरात ती खरोखर मांजर झाली. मग तिने मलाही एक पायरी दिली, "तुमचा दुसरा गुडघा तरी वाचू दे." मी उतरलो तेव्हा स्वयंपाकघरात फळीवरचा डबा पडला. आणि रोज नाही, पण मंगळवार-शुक्रवार मी सतरंजीपाशी बसून तिचे घोटे धरत असे. पहिल्या दिवशी ती वीतभर झुकली आणि हातांवर पडली. डिसेंबर संपता संपता निम्म्यापर्यंत ब्रेक लावत जाऊ लागली. तिच्या पोटऱ्या थरथरत, माझे पंजे थरथरत. माझ्या हातांना एकच काम होतं आणि आयुष्यात प्रथमच ते मला घाईने उरकायचं नव्हतं.

निवडीच्या आधीच्या रविवारी वाळूत पुन्हा रेषा ओढली. ती आली. डावीकडे झुकली, उजवीकडे लाथेची हूल दिली, तोंडाने कबड्डी-कबड्डी चालूच. मी झेप घेतली आणि उजवा घोटा धरला. ती वळली. मी डोळे मिटून घेतले, पण बोटं मिटूनच ठेवली. पुढचं मला दिसलं नाही, फक्त कळलं. मी पोटावर होतो, वाळू तोंडात जात होती, आणि घोटा हातात असूनही पुढे पुढे सरकत होता, माझ्या अठ्ठ्याऐंशी किलोंसकट. मग 'कबड्डी' थांबलं.

डोळे उघडले तर तिच्या उजव्या हाताची तीन बोटं रेषेवर होती. माझे दोन्ही पंजे तिच्या घोट्याला तसेच.

तिने आधी स्वतःच्या बोटांकडे बघितलं, मग माझ्या. माझी बोटं तिला एकेक करून सोडवावी लागली. ती आखडली होती.

बाजूने मासळीवाल्या मावशी टोपली घेऊन चालल्या होत्या. क्षणभर थांबून म्हणाल्या, "भाऊ, पोरीनं पुरता वाळत घातला की तुम्हांला!"

निवडीच्या यादीत बारा नावं असतात. सात खेळणाऱ्या, पाच राखीव. कन्येचं नाव अकरावं होतं. मी तिला म्हटलं, बँकेत राखीव निधीला फार मान असतो, त्याच्यावरच बँक उभी असते. ती काही बोलली नाही. कोपऱ्यातलं परीक्षेचं जाडजूड पुस्तक उचललं. मला वाटलं वाचणार. तिने ते जमिनीवर ठेवलं, टाचा टेकवल्या आणि पंधरा बैठका काढल्या.

मग विचारलं, "उद्या तिथी कुठली?"

"षष्ठी. सहा पाऊणे साडेचार."

"म्हणजे साडेपाचला मऊ वाळू."

"मऊ वाळू," मी पोटावर हात ठेवत म्हटलं.

"गोणी तुम्ही घ्या. टायर मी घेते," ती म्हणाली आणि गजर लावायला गेली.